शेजारच्या बाई

सिल्वासा
४ फेब्रुवारी २०२४

मानसी,

तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस, म्हणून पत्र लिहिते. पुण्याचा तुझा पत्ता मला पाठ आहे. दर दिवाळीला फराळाच्या डब्यावर तो तुझे बाबा माझ्याकडूनच लिहून घ्यायचे, अक्षर चांगलं म्हणून. चकल्याही माझ्याच असायच्या. ते तुला कळलं असतं तर डबा परत आला असता, म्हणून आम्ही कधी बोललो नाही.

परवाची श्रद्धांजली सभा नेटकी झाली. सोसायटीचा हॉल भरला होता. कंपनीतली माणसं कुटुंबासह आली होती, नरोलीहून ऑपरेटर मुलं शिफ्ट बदलून आली होती आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभी होती. मी आत येत होते तेव्हा तुझ्या सासूबाईंनी तुला विचारलं, "ह्या कोण गं?" आणि तू म्हणालीस, "बाबांच्या शेजारच्या बाई. मराठी शाळेत शिकवतात."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझं दार त्यांच्या दारासमोर आहे आणि मी चौथीला शिकवते. चूक काढायला जागा नव्हती, म्हणून मी सासूबाईंना नमस्कार करून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

मग तू बोललीस. बाबांना साधा चहासुद्धा करता यायचा नाही, हे तू सांगितलंस आणि लोक हसले. पुढे म्हणालीस, "आई गेली आणि बाबांचं हसणंही गेलं. त्यानंतर मी त्यांना कधी मनापासून हसताना पाहिलं नाही." माझ्या शेजारची बाई रुमाल काढून रडायला लागली आणि मला म्हणाली, "किती प्रेम असेल ना बायकोवर." मी हो म्हटलं. असणारच. तुझ्या आईबद्दल ते माझ्याशी पुष्कळ बोलायचे, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पण तुझे बाबा चहा करत होते, मानसी. आलं ठेचून आणि बाल्कनीतल्या कुंडीतली गवती चहाची पात घालून. माझी शाळा सकाळची. मी वेणी घालत असायची तेव्हा ते बशी झाकलेला कप घेऊन समोरून यायचे आणि म्हणायचे, "बाई, उशीर झाला तर मुलं अंगठे धरायला लावतील." आणि हसायचे ते इतक्या मोठ्यानं की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायचे, काय झालं म्हणून. निवृत्त झाल्यावर दुपारी ते माझ्या वर्गाच्या वह्या तपासायला बसायचे. चुकलेल्या गणितालासुद्धा चांदणी द्यायचे. मी रागावले की म्हणायचे, "अहो, उत्तर चुकलंय, पण किती ठामपणे चुकलंय बघा."

तू त्यांना हसताना पाहिलं नाहीस, एवढंच खरं. तू त्यांना पाहत होतीस वर्षातून दोनदा, आणि तेव्हा ते घाबरलेले असायचे.

तुझ्यानंतर भावेशभाई बोलायला उभे राहिले. कंपनीत परचेस सांभाळणारे, तुझ्या बाबांचे जुने दोस्त. वासोण्याच्या सिंहांच्या सफारीची गोष्ट सांगायला लागले, "एकदा आम्ही तिघं गेलेलो," आणि थांबले. तुझ्या नवऱ्याकडे, प्रथमेशकडे बघितलं. "म्हणजे, आम्ही दोघं." मग सांगितलं की सिंह झाडाखाली पाठ करून झोपला होता आणि तुझे बाबा, त्यांचे माधवभाई, बसच्या जाळीतून त्याला हाका मारत होते, "अरे साहेब, उठा, शिफ्ट सुरू झाली." इथपर्यंत ठीक होतं. पण गोष्टीतली गंमत पुढे आहे. मी म्हटलं होतं, "झोपू द्या, मॅनेजर असतील ते." त्यावर सगळी बस हसली होती, आणि सगळ्यात जास्त तुझे बाबा, कारण ते स्वतः मॅनेजर होते. भावेशभाईंना ते वाक्य गाळताही येईना आणि माझ्या नावावर सांगताही येईना. शेवटी म्हणाले, "बसमधली कोणी एक बाई बोलली." हॉल हसला. मीही हसले. मी ती बसमधली कोणी एक बाई.

मग ऑपरेटर मुलांपैकी वाल्मिक बोलला, पारोळ्याचा. त्याला कावीळ झाली तेव्हा नरोलीच्या खोलीवर रोज डबा यायचा, असं त्यानं सांगितलं. कोणाकडून यायचा ते त्याला चांगलं माहीत आहे. बरा झाल्यावर गावाहून भाकरीसाठी कळण्याचं पीठ आणून माझ्याच हातात दिलं होतं आणि पाया पडला होता. परवा त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं, माणसं विसरतात. पण काल भावेशभाई माझ्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

"मॅडम, माफ करजो," म्हणाले. "जमाईसाहेबांनी आधीच सांगितलं होतं, तुमचं नाव नाय घ्यायचं. मानसीबेनला त्रास होईल म्हणून."

"कोणाकोणाला सांगितलं?"

"जे बोलणार होते ते सगळ्यांना. फोन केला एकेकाला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"हुं शुं बोलूं, मॅडम? बाप तिचा. सभा तिची."

बरोबरच आहे त्यांचं. मी त्यांना पाणी दिलं. तेवढ्यासाठी एकेकाला फोन करायची तसदी प्रथमेशनं घेतली, याचं मला नवल वाटलं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्याला फोन करायला सवड नव्हती.

मला तुझ्याकडून काही नको. फक्त तुझ्या मुलीला आजोबांबद्दल सांगशील तेव्हा ते हसायचे एवढं सांग. कोणाबरोबर हसायचे ते सांगू नकोस हवं तर.

नीलिमा


सिल्वासा
२ मार्च २०२४

मानसी,

प्रथमेश काल येऊन गेला. समोरच्या घराची चावी मागितली, दिली. त्यांचा फोन मागितला, तोही दिला. म्हणाला, "मॅडम, काही गैरसमज नको." मी म्हटलं, नाही, समज पूर्ण आहे. मग खिशातून तुझी चिठ्ठी काढून दिली.

चिठ्ठी तू विचार करून लिहिलेली दिसते. माझ्या भावनांचा तू आदर करतेस. पण प्रत्येक कुटुंबाच्या काही मर्यादा असतात आणि मी त्या समजून घेईन अशी तुला खात्री आहे. हे सगळं निळ्या शाईत. खाली काळ्या पेननं, घाईघाईत, एक ओळ: "शेवटी बाबा काही बोलले का?"

तुझं खरं पत्र ती एकच ओळ आहे. आणि तिचं उत्तर मी देणार नाही.

त्याऐवजी कुटुंबाच्या मर्यादांबद्दल लिहिते, कारण त्या मी समजून घेतल्या आहेत. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा आमची ओळख झाली. मी अमळनेरहून इथे नोकरीला आले त्याला तोवर पुष्कळ काळ लोटला होता. लग्नाचं वय भावंडांचं करण्यात गेलं, आणि मला त्याचं दुःख राहिलं नव्हतं. तुझ्या बाबांनीच विषय काढला. बागेच्या कट्ट्यावर बसलो होतो. म्हणाले, "रजिस्टर लग्न करू. मात्र मानसीला विचारून." मला ते आवडलं. लेकीला विचारणारा माणूस बरा असतो, असं वाटलं.

ते पुण्याला तुझ्याकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. वापीला उतरून रिक्षानं आले, बॅग हातातच, आणि आधी माझ्याकडे आले.

"काय म्हणाली?"

"विचार करते म्हणाली. वेळ हवाय तिला."

"किती?"

"बाई, आई गेलीय तिची. द्या ना थोडा."

मी वेळ दिला. सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, वर्षानं विचारलं, मग विचारायचं सोडलं. तू वेळ मागितलाच नव्हतास, हे मला त्यांच्या आजारपणात कळलं. तापात होते, सांगून गेले. तू म्हणाली होतीस, "करा लग्न. पण मग मला बाबा नाहीत असं मी समजेन." ते वाक्य त्यांनी दहा-अकरा वर्षं एकट्यानं सांभाळलं. माझ्यापुढे तू विचार करणारी मुलगी राहिलीस, आणि तुझ्यापुढे मी शेजारची बाई राहिले. दोघींना राखायच्या नादात तो माणूस अर्धा झाला. मला त्यांचा राग येतो, मानसी. तुझ्यापेक्षा जास्त येतो. पण मेलेल्या माणसाला पत्र लिहिता येत नाही.

तू यायची असलीस की आदल्या दिवशी आमची आवराआवर चालायची. माझा चष्मा, माझा मिक्सर, दोरीवरच्या साड्या, बाथरूममधला साबणसुद्धा. मी एक फेरी मारायची, ते दुसरी. शेवटी दाराजवळच्या माझ्या चपला उरायच्या. त्या ते स्वतः उचलायचे, मी नको म्हटलं तरी. पाचशे माणसांचा कारखाना चालवलेला माणूस दोन्ही हातांत माझ्या चपला धरून जिना ओलांडायचा, माझ्या दारात ठेवायचा आणि माझ्याकडे न बघता परत जायचा. मग मी दार लावून घ्यायची. तू असेपर्यंत समोरून तुमच्या बोलण्याचे आवाज यायचे आणि मी टीव्ही लावून ठेवायची, ऐकू येऊ नये म्हणून.

तू एकदा त्यांना म्हणाली होतीस, "बाबा, घर किती स्वच्छ ठेवता तुम्ही एकटे." ते त्यांनी मला सांगितलं. आम्ही दोघं हसलो होतो, पण फार वेळ नाही.

आता तू मला विचारतेस ते शेवटी काय बोलले. तुझ्या सभेत ज्या बाईचं नाव घ्यायची बंदी होती, तिच्याकडे तुला हे मागावं लागतं. राहू दे तसंच.

नीलिमा


सिल्वासा
१७ जून २०२४

मानसी,

हे पत्र मी टाकेन की नाही माहीत नाही.

आज तू घर रिकामं करायला आली होतीस. टेम्पो आला तेव्हाच मला कळलं. सरुबाई, जी दोन्ही घरांत काम करायची, ती मला सांगायला आली, "बाई, ताई आल्यात. कपाट निघालं." मी म्हटलं, निघू दे.

दुपारनंतर हमाल खाली गेले. जिन्यात शांत झालं. मग मला तुझं रडणं ऐकू आलं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तसं. तू दारातच बसली असावीस, कारण फार जवळून येत होतं. मी उठले. माझ्या दाराच्या कडीला हात लावून उभी राहिले.

पाणी घेऊन यावं असं वाटलं. डोक्यावरून हात फिरवावा असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझ्या बाबांचं नाक तुला आहे, रडताना ते तुझ्यासारखंच वाजायचं. पण मी कडी काढली नाही. तू बेल वाजवशील म्हणून थांबले. तुझ्या आणि माझ्या दारात चार पावलं आहेत, आणि या वेळी ती तू टाकावीस असा माझा हट्ट होता.

तू बेल वाजवली नाहीस. सँडलचा आवाज खाली गेला. मी खिडकीशी गेले नाही.

नीलिमा


सिल्वासा
८ जानेवारी २०२५

मानसी,

तुझं पत्र मिळालं. या वेळी सगळं एकाच पेननं लिहिलं आहेस. नाशिकला गोदाकाठी वर्षश्राद्ध आहे आणि संध्याकाळी नातेवाईक, बाबांचे मित्र आठवणी सांगायला जमणार आहेत. मी यावं असं तू लिहिलं नाहीस, येऊ नये असंही लिहिलं नाहीस. आणि पुन्हा तेच विचारलं आहेस. "मला झोप लागत नाही. शेवटी तुम्ही त्यांच्याजवळ होता. काही बोलले का, एवढंच सांगा. मग कधी त्रास देणार नाही."

सांगते.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. छातीत पाणी झालं होतं आणि औषध लागू पडत नव्हतं. माझ्या नंबरवरून तुला फोन लागत नव्हता, म्हणून मी त्यांच्या फोनवरून केला. तू "बाबा?" म्हणालीस. मी म्हटलं, "नीलिमा बोलतेय." मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तेव्हा तू काय म्हणालीस ते तुला आठवत असेल. नसेल तर माझ्या लक्षात आहे.

"मी निघते. संध्याकाळपर्यंत पोचते. पण मी येईन तेव्हा तुम्ही तिथे नको. बाबांच्या शेवटच्या वेळी मला तुमचं तोंड बघायचं नाही."

मी बरं म्हटलं.

आत जाऊन त्यांना सांगितलं, "मानसी येतेय." त्यांनी डोळे उघडले. "खरंच?" म्हणाले. "निघालीसुद्धा," मी म्हटलं. मग त्यांनी कंगवा मागितला. मी त्यांचे केस विंचरले, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, चष्मा घातला. चष्मा नाकावरच्या नळीत अडकत होता, तरी काढू देईनात. तू आल्यावर नीट दिसायला हवीस म्हणाले.

मी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठे?"

"घरी जाऊन येते. तुम्ही लेकीशी बोला निवांत."

ते समजले. माझा हात धरून ठेवला. मग म्हणाले, "संध्याकाळी याल ना?"

"ती जरा बसली की येते."

"तिला म्हणावं," असं काहीतरी ते सुरू करत होते, पण खोकला आला. नर्सनं मला बाहेर काढलं. दुपारची वेळ होती. मी घरी आले आणि फोन समोर ठेवून बसले. अजून मी तुझ्या बाबांना जेवू घालू शकले असते, पाय चेपू शकले असते, पण मी घरी बसले होते, कारण तू यायची होतीस. तू पोचलीस का हे विचारायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. त्यांचा फोन मी त्यांच्या उशाशी ठेवून आले होते, तुझा फोन आला तर त्यांना घेता यावा म्हणून. संध्याकाळ झाली तेव्हा मनात म्हटलं, आता पोचली असेल, आता त्यांच्या हातात तुझा हात असेल. मला तुझा हेवा वाटला.

दिवेलागणीला दवाखान्यातून माझ्या फोनवर फोन आला. फॉर्मवर नंबर माझाच होता. "पेशंट गेले. जवळ कोणी नाही, तुम्ही या."

निघायला उशीर झाला आणि प्रथमेशला घाटातून अंधारात गाडी चालवायची नव्हती, म्हणून तुम्ही सकाळी निघायचं ठरवलंत. हे मला भावेशभाईंनी नंतर सांगितलं. ठरवलंत ते ठरवलंत. पण मला कळवलं नाहीस. मला वाटतं, तू असं धरलं असशील की बाई कसल्या जातात, बाई तिथेच बसल्या असतील. मी ऐकणार नाही या भरवशावर तू पुण्यात राहिलीस. आणि मी ऐकलं.

शेवटी मी त्यांच्याजवळ नव्हते, मानसी. म्हणून ते काय बोलले ते मला ठाऊक नाही.

त्या वेळी वॉर्डात मंजुळाबाई म्हणून आया होती, खानवेलकडची. दिवस झाल्यानंतर मी तिला शोधत गेले. ती कपडे धुवायच्या खोलीत होती. तिला आठवत होतं.

"पाणी मागितला त्यांनी. मी दिला. मग विचारत होते, आली का? आली का? मी बोलली, येते हां दादा, येतेच. मग परत विचारला, आली का. मग नाय विचारला."

"नाव घेतलं का कोणाचं?"

तिनं आठवून बघितलं. "नाय. नाव नाय घेतला."

वर्षभर मी हे कोणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. तू झोपेवाचून राहावंस असं वाटत होतं, ते मी लपवत नाही. आणि दुसरंही एक होतं. तुला सांगितलं की ते तुझं होणार. नाशिकच्या कार्यक्रमात तू सांगशील, बाबा शेवटच्या श्वासापर्यंत माझी वाट बघत होते, आणि लोक डोळे पुसतील. कदाचित ते खरंच असेल. मी त्यांना दुपारी सांगून आले होते की मानसी निघाली आहे. आणि मीच त्यांना संध्याकाळी येते म्हणूनही सांगितलं होतं. रात्र-रात्र मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. तूही करून पाहा.

मी नाशिकला येणार नाही. समोरच्या घरात आता भाडेकरू आले आहेत, जळगावकडचं जोडपं आहे, सायली गावातल्या कारखान्यात दोघं कामाला. त्यांना मी सांगितलं आहे की इथे आधी माधवराव राहायचे आणि आम्ही एकत्र होतो. मुलीनं फक्त मान हलवली आणि विरजण मागितलं. इतकं सोपं होतं ते.

तुला हवं ते सांग तिथे. दुरुस्त करायला कोणी नसेल. मात्र ते दाराकडे कान लावून जिची वाट बघत होते, ती कोणीही असो, त्या संध्याकाळी दोघींपैकी एकही आली नाही.

नीलिमा